लिहायला चालतो, द्यायला नाही

तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीत एकच ओळ आहे : ‘रुग्ण जेवणाच्या सरावाला सहकार्य करत नाहीत.’ खाली इंटर्नची सही आणि शेजारी पर्यवेक्षक म्हणून माझी. सही करताना मी ती ओळ वाचली होती आणि मला तिच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. हे प्रकरण त्या ओळीचं आहे.

रुग्ण ६४ वर्षांच्या. करवीर तालुक्यातलं पंचगंगेकाठचं गाव. गावात लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणतात, इथंही तेच म्हणते. आषाढाच्या शेवटी पहाटे म्हशीला वैरण टाकताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. दवाखान्यात दहा दिवस काढून घरी गेल्या आणि श्रावणात वडापनं, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपनं, आमच्या व्यवसायोपचार विभागात येऊ लागल्या, आठवड्यातून दोनदा, सुनेबरोबर. पाय बऱ्यापैकी सावरला होता, कुणी हाताला धरलं की चालत. उजवा हात खांद्यातून थोडा उचलायचा, पण उचलला की कोपर, मनगट, बोटं सगळी एकदमच मुडपायची. स्ट्रोकनंतर हालचाल कितपत परत आली हे सांगणाऱ्या ब्रुनस्ट्रॉमच्या पायऱ्यांत हात तिसऱ्या पायरीवर, बोटं दुसऱ्या. बोलणं जड झालेलं, पण कळण्यासारखं. रोजची कामं आपली आपण किती होतात ते मोजणारा बार्थेल निर्देशांक १०० पैकी ५०.

‘व्यवसायोपचार’ हा पाटीवरचा शब्द आमच्या कधी कामाला आला नाही, हे जाता जाता सांगते. मागं एक गृहस्थ शेळीपालनाच्या कर्जाचा फॉर्म मागायला आत आले होते. माणूस सकाळी दात घासण्यापासून रात्री दाराला कडी घालण्यापर्यंत जे जे करतो ते सगळं आमच्या विषयात येतं. आजारानं त्यातलं काय सुटलं आणि ते परत कसं हाती येईल, हे आम्ही बघतो.

इंटर्न मुंबईत वाढलेली, घरची मराठीच. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमातले शेवटचे सहा महिने चालू होते. हुशार पोरगी, नोंदी नेटक्या. मी तीन पिढ्यांची कोल्हापूरकर. त्यामुळं संस्कृतीच्या बाबतीत चुकायचं झालंच तर ती चुकणार आणि मी दुरुस्त करणार, असं मी मनात धरून चालले होते.

पहिली तपासणी

सुरुवात माझ्या अंदाजाप्रमाणंच झाली. पहिल्या दिवशी भाषेच्या रकान्यात इंटर्ननं लिहिलं : ‘स्वतःबद्दल बोलताना वारंवार पुल्लिंगी क्रियापद. व्याकरणदोष? वाचा-उपचाराकडं पाठवावं.’ पुरावा म्हणून आक्कांची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. ‘मी बसतो हितं.’ ‘मी चा घेतो आन् मग येतो.’ मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की व्याकरण ढासळू शकतं, त्यामुळं तिचा तर्क पुस्तकाला धरूनच होता. मी हसू दाबून म्हटलं, ‘बाहेर जाऊन सुनेला विचार, ती काय करणार आहे आता.’ सून म्हणाली, ‘मी बाहीर थांबतो की.’ इंटर्ननं परत येऊन तो रकाना खोडला. आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात. घरी मीही म्हणतो.

मग स्मरणशक्तीची चाचणी. एमएमएसई, १९७५ पासून जगभर वापरात असलेली, ३० गुणांची. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाला आक्का म्हणाल्या, ‘तारीख न्हाय ठावं. काल श्रावणातला दुसरा सोमवार झाला.’ महिना, पंधरवडा, वार, सगळं एका वाक्यात बरोबर आलं, आणि तारखेच्या चौकटीत शून्य पडलं. शंभरातून सात-सात वजा करताना दोनदा जमलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘कशापायी कमी करायचं?’ आम्ही त्याही चौकटीत दोनच लिहिले.

कॅनडातून आलेली एक मुलाखत पद्धत आम्ही वापरतो. रुग्णालाच विचारायचं, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाची कामं कोणती, ती आज कितपत जमतात, आणि त्यात समाधान किती. एक ते दहा गुण. कामांचे तीन कप्पे : स्वतःची काळजी, उत्पादक काम, विरंगुळा. आक्कांनी प्रत्येक प्रश्नाला दहापैकी दहा दिले. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि हात कसा आहे तर दहा. कमी सांगितलं तर समोरच्या डॉक्टरीणबाईंना वाईट वाटेल, ही त्यातली रीत. आणि विरंगुळा? ‘मंजे रिकामं बसायचं व्हय?’

ही दहाची मोजपट्टी पुढं सहाव्या आठवड्यात सुटली, तेही अपघातानं. बाहेर बाकावर कुणीतरी म्हणालं, ‘आक्का, हात किती आला?’ आणि त्या पटकन म्हणाल्या, ‘चार आणे.’ सोळा आण्यांत चार. पिकाची आणेवारी जिनं आयुष्यभर ऐकली, तिला आपल्या हाताची आणेवारी काढायला कसली अडचण? त्यानंतर आम्ही आण्यांतच विचारलं आणि घरी बसून दहात बदलून घेतलं. एकदाही सोळा आणे आले नाहीत.

डावा हात

आता ती ओळ. उजवा हात जागा होईपर्यंत जेवण डाव्या हातानं शिकवायचं, हा नेहमीचा क्रम. ताट घसरू नये म्हणून खाली रबरी चटई, ताटाला उंच कड, जाड मुठीचा चमचा. इंटर्ननं सगळी मांडणी छान केली. आक्का ताटासमोर बसल्या आणि डावा हात मांडीखाली घालून म्हणाल्या, ‘भूक न्हाय.’ पुढच्या वेळी घरून खाऊन आल्या होत्या. तिसऱ्या वेळी उपास निघाला, आणि तो सोमवारही नव्हता.

डावा हात कशाचा, हे काय मला माहीत नव्हतं? परसाकडला जायचा हात तो. त्यानं घास तोंडात घालायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही, कुंकू लावायचं नाही. पण मी धरून चालले होते की आजारपण आलं की यातून सुटका असते. माझी आजी तसंच म्हणायची. म्हणून मी आक्कांना कोल्हापुरी सुरात समजावलं, ‘आवो आक्का, दुखण्यात सगळं माफ असतंय.’ त्या म्हणाल्या, ‘व्हय बाई.’ आणि पुढच्या वेळीही त्यांना भूक नव्हती. त्या दिवशी ती ओळ लिहिली गेली.

(उलटीही गोष्ट असते. ज्यांची डावी बाजू जाते त्यांना जेवणाची अडचण येत नाही, पण धुण्याचं काम उजव्या हातावर येतं आणि मग त्याच हातानं जेवायचं. असे रुग्ण जेवण कमी करतात, आणि कारण कुणाला सांगत नाहीत.)

काठवट

आता माझी चूक, आणि ती इंटर्नच्या चुकीपेक्षा मोठी होती. सहकार्य मिळत नाही म्हटल्यावर मी ठरवलं की आपण यांच्या जगण्यातलं काहीतरी आणू. खेड्यातली बाई, चौसष्ट वर्षांची, तिचं काम कोणतं? भाकरी. मी घरून लाकडी काठवट आणली, ज्वारीचं पीठ आणलं. इंटर्नला मी अर्धा तास भाकरीचं कृतिविश्लेषण ऐकवलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं याबद्दल अजूनही माझं मत बदललेलं नाही. पीठ मळताना तळहाताच्या टाचेचा दाब, मनगट मागं वळलेलं, म्हणजे आखडलेल्या बोटांना आपसूक ताण. गोळा थापताना उजव्या हाताची बोटं सरळ आणि एकत्र, डावा तळहात कडेला बांध घालत भाकरी फिरवत राहतो. दोन्ही हात एकाच लयीत पण वेगवेगळी कामं करतात. वजन पुढं झुकून हातांवर येतं. स्ट्रोकच्या हाताला याहून चांगला व्यायाम मी कुठल्या सामानाच्या कॅटलॉगमध्ये पाहिला नाही.

आक्कांनी डाव्या हातानं उजवा उचलून पिठावर ठेवला, दोनदा दाबला, आणि पदराला हात पुसला. सून भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं मी पाहिलंच नाही.

पुढच्या वेळी दोघीही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वेळीही नाहीत.

सोप्यात

चौथ्या आठवड्यात आम्ही घरी गेलो. दगडी जोतं, मग सोपा म्हणजे पुढची ओसरी, आत माजघर, मागं परडं आणि दोन म्हशी. आक्का सोप्यात भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या होत्या. घरात खाट होती, तिच्यावर गाद्यांची चळत. आम्ही विभागात तीन आठवडे खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर जायचा सराव घेत होतो, कारण बार्थेलच्या रकान्यात तेवढंच मोजलं जातं. जमिनीवरून उठायला त्यात गुणच नाहीत. आक्कांना सून आणि नातू दोन्ही काखेत हात घालून उठवत. लुळ्या खांद्याला याहून घातक दुसरं काही नाही. पहिला अर्धा तास त्यातच गेला : चांगल्या कुशीवर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, खाटेची कड डाव्या हातानं धरायची, चांगला पाय पुढं टाकायचा. चौथ्या खेपेला आक्का जवळजवळ एकट्या उठल्या.

चहा झाल्यावर सून म्हणाली, ‘म्याडम, एक इचारू? आत्तींना भाकरी करायला कशापायी लावलं?’ मी माझं विश्लेषण सुरू केलं. तिनं मध्येच तोडलं. ‘नऊ वर्सं झाली, आत्ती चुलीपुढं बसल्या न्हाईत. चूल माझ्याकडं दिली त्यांनी. भाकरी मी करतो. त्या दिशी वडापात शेजारची बाई म्हनाली, काय गं, सासूला पुन्हा भाकरीला बसवलीस व्हय?’

चूल सोपवणं म्हणजे काय असतं हे मी माझ्या आईच्या घरात पाहिलंय. तरीही काठवट घेऊन गेले. परक्या मुलखातल्या रुग्णाला मी दहा प्रश्न विचारले असते; इथं मला सगळं माहीत आहे म्हणून एकही विचारला नाही.

जेवणाचंही तेच निघालं. आक्कांना सून घास भरवत होती, सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांची रीघ. सासू आपल्या हातानं, त्यातून डाव्या हातानं, सांडत-लवंडत जेवते आहे आणि सून बाजूला बसून बघते आहे, हे दृश्य गावाला काय सांगणार? आमच्या पुस्तकात स्वावलंबन हे ध्येय आहे. त्या सोप्यात त्याचा अर्थ सून सेवा करत नाही, असा होता.

आणि मग दुपारी तीनच्या सुमाराला शेजारची एक बाई सत्यनारायणाचं तीर्थ घेऊन आली. पळीभर तीर्थ पुढं करताच आक्कांचा डावा हात उजव्या मनगटाखाली गेला, उजवा तळहात वर, बोटं किंचित मुडपलेली, पन्हळ झालेली, आणि दोन्ही हात मिळून तोंडाशी आले. थोडं सांडलं. उरलेला ओला तळहात त्यांनी डोळ्यांना आणि डोक्याला लावला, तोही उजवाच, डाव्याच्या आधारानं. मी सुनेशी बोलत होते, माझ्या लक्षातही आलं नाही. इंटर्ननं माझा दंड धरला. ‘मॅडम, बघितलंत?’

वर उजवा, खाली डावा. डावा हात काम करत होता, पण तो खाली होता.

जाता जाता ती बाई म्हणाली, ‘आक्का, डबा माझ्याकडं नीट हाय, घोर करू नका.’ आक्कांचा चेहरा उतरला. मी ते ऐकून सोडून दिलं असतं. इंटर्ननं विचारलं, ‘आजी, कसला डबा?’

डबा

भिशीचा. गल्लीतल्या २६ बायका, दर शुक्रवारी प्रत्येकीचे १०० रुपये. अडीनडीला त्यातूनच कर्ज, महिन्याला शेकडा दोन रुपये, आणि दिवाळीला भिशी फुटते, व्याजासकट सगळ्यांना वाटून. स्टीलचा डबा आणि शंभर पानी वही आक्कांकडं १७ वर्षं होती. दूध संस्थेत आक्काच दूध घालायला जात, दहा दिवसांचं दूधबिल त्याच आणत, आणि कुणाच्या घरात बिल आलंय, कुणाचं थकलंय हे त्यांना तिथंच कळे. कर्ज कुणाला किती द्यायचं ते त्यावर ठरे. कागद नाही, सही नाही, तारण नाही. आक्कांची पत, एवढंच. हात गेल्यावर डबा शेजारी गेला.

आमच्या तीन कप्प्यांत हे कुठं घालायचं यावर इंटर्न आणि मी वडापमध्ये परतताना वाद घातला. पैसे आहेत म्हणून उत्पादक काम? आक्का त्यातून एक रुपया घेत नव्हत्या. शुक्रवारची बैठक म्हणजे विरंगुळा? तसं म्हटलं असतं तर त्यांनी आम्हाला जोत्यावरून खाली उतरवलं असतं. शेवटी कप्पा रिकामा ठेवून इंटर्ननं फक्त लिहिलं : ‘ध्येय – डबा परत आणणे.’

पुढच्या भेटीत आम्ही सहज विचारलं, साडेतीन हजार घेतले कुणी चार महिन्यांसाठी, तर व्याज? ‘दोनशे ऐंशी.’ श्वासाचाही वेळ घेतला नाही. शंभरातून सात वजा न करणारी हीच बाई.

त्या दिवशी आक्कांबरोबर बसून आम्ही डाव्या हाताची यादी केली. मला वाटलं होतं बंदी सरसकट असेल. लिहायला डावा चालतो का? ‘चालतोय की, त्यात काय.’ नोटा मोजायला? ‘मोजायला चालतोय.’ केर काढायला, वैरण घालायला, लुगड्याचा काष्टा खोचायला, जपमाळ... इथं थांबल्या. ‘माळंला नको.’ नोट दुसरीच्या हातात द्यायला? ‘लक्ष्मी हाय ती. डाव्या हातानं देतात व्हय?’ कर्ज परत घ्यायला? ‘घ्यायलाबी उजवाच.’ सहीला? त्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, ‘अंगठा डावाच लावत्यात की सरकारात.’ हसलो सगळ्या. मी जे कोल्हापुरी म्हणून ओळखत होते ते ढोबळ होतं. खरी रेघ कामागणिक वेगळी होती आणि ती आक्काच दाखवू शकत होत्या.

घेणं आणि देणं

आता उपचाराचा भाग जरा सविस्तर, कारण यातली गंमत मेंदूशास्त्राची आहे. स्ट्रोकनंतर हात परत येताना स्नायू सुटे सुटे येत नाहीत, जुडीनं येतात. वाकवणाऱ्या जुडीत खांदा उचलतो, कोपर मुडपतं आणि तळहात वर वळतो. म्हणजे तीर्थ घेऊन तोंडाशी नेण्याची हालचाल जवळपास त्या जुडीतलीच आहे, तिसऱ्या पायरीवरच्या हाताला झेपणारी. बोटंही पूर्ण उघडायची नसतात, पन्हळ पुरतं. आम्ही जेवण त्यावर बसवलं. उजव्या तळहाताला रुंद पट्टा, त्यात चमचा, खालून डाव्या हाताचा आधार. दुधात कुस्करलेली भाकरी, मग रश्श्यात कुस्करलेली. घास उजव्या हातानंच तोंडात जात होता. आक्कांना भूक लागू लागली.

देण्याचं मात्र वेगळं. तळहात वर ठेवूनच कोपर सरळ करायचं, हात अंगापासून लांब न्यायचा आणि बोटं सैल सोडायची. इथं जुडी मोडावी लागते. आठव्या आठवड्यापर्यंत आक्का नोट पुढं करायला गेल्या की तळहात खाली वळायचा, नोट मुठीत आवळली जायची, आणि समोर घ्यायला बसलेल्या नातवाला ती ओढून घ्यावी लागायची. ‘देतोय का लपवतोय मी?’ असं म्हणून स्वतःच हसायच्या. मग आम्ही नोटेऐवजी प्रसादाचे खडीसाखरेचे खडे घेतले, ते सोडणं सोपं. मग दहाची नाणी. मग नवी कडक नोट, जी अंगठ्याखाली नुसती टेकवली तरी राहते. जुनी मऊ नोट सगळ्यात शेवटी. मोजणी डाव्या हातानं : गड्डी जमिनीवर, तिच्यावर वरवंट्याचं वजन, एकेक नोट ओढून. वहीत डाव्या हातानं रेघा. मांडी घालून तासभर बसणं आणि कुणाच्या मदतीशिवाय उठणं हाही सरावाचाच भाग होता, कारण भिशी खुर्चीवर बसून होत नाही.

सुनेची अडचण राहिली होती. ती सोडवायला मी विभागाचा छापील कागद वापरला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं : ‘रुग्णाने दोन्ही वेळा स्वतःच्या उजव्या हाताने जेवावे. घरच्यांनी भरवू नये. सक्त सूचना.’ खाली सही, शिक्का. तो सोप्यातल्या भिंतीला दाराजवळ लावला, येणाऱ्याला आधी दिसेल असा. आता सून सेवा टाळत नव्हती, डॉक्टरांचं ऐकत होती. आंघोळीचं आम्ही बोललोच नाही. पाणी गरम करून पाठ चोळणं सुनेला सोडायचं नव्हतं आणि आक्कांनाही ते हवं होतं.

इंटर्नची वही

इंटर्नला शिकवताना मी कावा प्रतिमानाचं नाव काढलं होतं. मायकेल इवामा या जपानी-कॅनेडियन व्यवसायोपचारतज्ज्ञानं जपानी सहकाऱ्यांबरोबर ते मांडलं, पाश्चात्त्य पद्धतींत जपानी माणूस बसत नाही म्हणून. कावा म्हणजे नदी. पाणी म्हणजे आयुष्याचा ओघ, दगड म्हणजे अडचणी, काठ आणि तळ म्हणजे भोवताल, वाहत आलेली लाकडं म्हणजे स्वभाव आणि साधनं. दगड हटले, पाणी वाढलं की चांगलं. इंटर्ननं उत्साहानं आक्कांना नदी काढायला सांगितलं. आक्का म्हणाल्या, ‘पानी वाढलं की चांगलं कसं? राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट झालं की म्हसरं सोडायची तयारी, त्रेचाळीसला गाव सोडायचं.’ पंचगंगेची पातळी त्या बंधाऱ्यावर मोजतात. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात वाढतं पाणी म्हणजे भरभराट असं कोण मानेल? एका संस्कृतीसाठी मुद्दाम घडवलेलं साधनही दुसऱ्या काठावर तसंच्या तसं लागत नाही. इंटर्ननं चित्र सोडून दिलं आणि पातळीची खूण ठेवली : ‘घोर किती फुटांवर आहे?’ हे आक्कांना लगेच कळलं. भिशी शेजारी गेल्याचा घोर बेचाळीस फुटांवर होता.

आपल्याकडं हा विषयच एका सीमा ओलांडलेल्या बाईनं आणला. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नानंतर निंबकर झालेल्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ हा विषय आपला आहे. तरी बहुतेक विभागांत सराव टेबल-खुर्चीवर चालतो. महासंघाच्या निकषाप्रमाणं विद्यार्थ्याला किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढावे लागतात. ते सगळे तास जोत्याची एक पायरीही न चढता पूर्ण होऊ शकतात. आमच्याकडं आता प्रत्येक इंटर्नला निदान एका रुग्णाच्या घरी जावं लागतं, आणि वहीत एक प्रश्न वाढवलाय : रुग्णानं हे काम स्वतः केलं तर घरात कुणाला कमीपणा येतो? तो मी घातला, पण सुचला काठवटीच्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुनेमुळं.

आणखी एक. संस्कृतीचा तास वर्गात घ्यायचा म्हटलं की सण, सोवळंओवळं, खाणंपिणं यांची यादी होते. त्या यादीचा धोका मला वाटायचा त्याहून मोठा आहे. ती परक्याला दिली तर तो निदान विचारून खात्री करतो. माझ्यासारखीला यादी पाठ असते.

दिवाळी

बाराव्या आठवड्यात बार्थेल ५० वरून ८५ झाला. आंघोळीत शून्यच राहिलं, कारण तिथं माणूस काय करू शकतो ते नाही, काय करतो ते लिहायचं असतं. उजव्या हाताची आणेवारी नऊ आणे, समाधानाची बारा. जाडसर वस्तू धरता येते, बारीक नाही. खांदा दुखायचा थांबला. ती तिसऱ्या आठवड्याची ओळ मी खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘चूक आमची. रुग्णाची नाही.’ फाइलीत असं लिहितात की नाही मला ठाऊक नाही.

डबा वसुबारसेच्या आदल्या शुक्रवारी परत आला. आम्ही मुद्दाम गेलो नाही, सुनेनं फोनवर सांगितलं. आक्का सोप्यात बसल्या, नातवानं नावं वाचली, आक्कांनी नोटा डाव्या हातानं मोजून उजव्या तळहातावर ठेवल्या आणि खालून डाव्याचा आधार देऊन पुढं केल्या. दोघी-तिघींना नोट जरा ओढावी लागली. सव्वीस जणींना वाटायला अडीच तास लागले. शेजारच्या बाईनं डबा सोडताना तोंड जरा वाकडं केलं म्हणे. तीन महिन्यांत तिलाही त्याची चव लागली असणार.

शेवटच्या भेटीला आक्का एकट्या आल्या, वडापनं, काठी घेऊन. इंटर्नचे सहा महिने संपत आले होते. जेवणाचा रकाना भरताना तिनं विचारलं, ‘रोज उजव्या हातानंच ना?’ आक्कांनी दाराकडं बघितलं, आवाज खाली केला. ‘घरात कोन नसलं, सून दूध घालाय गेली, की जेवतो कवाकवा डाव्यानं. लवकर होतंय. पर ते लिवू नका.’

इंटर्ननं पेन खाली ठेवलं. फाइलीत ते नाही.

हे प्रकरण लिहायला बसण्याआधी मी आक्कांना विचारून घेतलं, सगळं वाचून दाखवलं, ती डाव्या हाताची गोष्टही. त्या म्हणाल्या, ‘आता लिवा. पर गावाचं नाव नको.’